संघाची यादी दिल्लीत लागते, पेरणी गावात होते

शेतकरी बंधूंनो आणि गावच्या कारभारी मंडळींनो, आज करपा, खोडकिडा जरा बाजूला ठेवू. आज हॉकीचं बोलायचं आहे. "शेतीखात्याचा माणूस आणि हॉकी कुठली?" असं म्हणून पान उलटू नका. विषय शेवटी जमिनीचाच आहे.

८ ऑगस्ट २०२४ ची गोष्ट. कामानिमित्त ठाण्याला आलो होतो. सोबत मुरबाडकडचे दोन शेतकरी. भाताच्या आवण्या उरकलेल्या, त्यामुळे त्यांनाही सवड होती. काम आटोपून संध्याकाळी टेंभी नाक्यावर चहाला थांबलो, तर एका दुकानापुढे ही गर्दी! आत टीव्हीवर पॅरिस ऑलिंपिकची भारत-स्पेन लढत, ब्राँझपदकासाठीची. भारताने ती २-१ अशी जिंकली. दोन्ही गोल कर्णधार हरमनप्रीत सिंगचे. लोकांनी असा गलका केला, की जणू नाक्यावरची दहीहंडीच फुटली. आमच्यातले वयाने मोठे असलेले काका शेवटपर्यंत खेळाडूंची नावं कान देऊन ऐकत होते. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "साहेब, यात आपल्या बाजूचा एक पन पोर नाय का?"

नव्हता. सोळा जणांच्या त्या संघात आठ पंजाबचे, तीन हरियाणाचे, दोन उत्तर प्रदेशचे, आणि मध्य प्रदेश, ओडिशा, केरळ यांचा एकेक. टोकियोच्या संघातही आपला कोणी नव्हता. २०१६ साली रिओला मुंबईचा देविंदर वाल्मिकी होता, त्यानंतरच्या या दोन्ही ऑलिंपिकच्या यादीत महाराष्ट्राची जागा रिकामी.

असं झालं की आपण लगेच म्हणतो, "वशिला लागतो हो, आपल्याला कोण विचारतो!" निवडीत राजकारण नसतंच असं मी म्हणणार नाही. १९९८ साली बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत भारताने ३२ वर्षांनी सुवर्णपदक आणलं. कर्णधार आपल्या खडकीचा धनराज पिल्ले. आणि परत आल्यावर धनराजसह सहा-सात खेळाडूंना संघातून वगळलं गेलं. म्हणजे अन्याय होतो. पण ज्याचं नाव यादीत होतं त्याचं ते कापलं गेलं. ज्या मुलाने हातात स्टिकच धरली नाही, त्याचं नाव कोण कापणार?

आता यादीतली नावं कुठून आली ते बघा. हरमनप्रीत अमृतसर जिल्ह्यातल्या तिम्मोवाल गावचा, शेतकऱ्याचा मुलगा, लहानपणी वडिलांचा ट्रॅक्टर चालवलेला. पॅरिसला त्याने दहा गोल केले. मनप्रीत आणि मनदीप, दोघेही जालंधरजवळच्या मिठापूरचे. सुमित सोनीपत जिल्ह्यातल्या कुराडचा. अमित रोहिदास ओडिशाच्या सुंदरगड जिल्ह्यातल्या सौनामाराचा, आणि माजी कर्णधार दिलीप तिर्की यांचंही गाव तेच. जालंधरजवळच संसारपूर म्हणून गाव आहे. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकला भारताच्या संघात त्या एका गावचे पाच जण होते! त्यातलेच अजितपाल सिंग १९७५ साली विश्वचषक जिंकणाऱ्या संघाचे कर्णधार झाले.

एका गावात पाच ऑलिंपिक खेळाडू काय दैवाने जन्मतात? नाही. तिथे मैदान राखलेलं असतं. थोरला खेळतो, धाकटा कडेला बसून बघतो, चेंडू आणून देतो, दोन वर्षांनी तोही खेळू लागतो. ही रोपवाटिका आहे, दुसरं काही नाही. राब भाजला नाही, रोप टाकलं नाही, आणि श्रावणात शेजाऱ्याचं हिरवं शेत बघून हळहळत बसलो, तर दोष पावसाचा नसतो.

आपल्याकडे रोपवाटिका नव्हतीच असंही नाही. धनराजचे वडील खडकीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीच्या मैदानाची देखभाल करत. घरची गरिबी, मोडक्या स्टिका आणि टाकून दिलेले चेंडू, त्यावर ही भावंडं खेळली. थोरला भाऊ रमेश मुंबईत आरसीएफकडून खेळे, म्हणजे तुमच्या सुफलाची पोती बनवणारी कंपनी. भावाच्या पाठोपाठ धनराज मुंबईला आला आणि पुढे महिंद्राच्या संघात गेला. खताच्या कंपनीने आणि ट्रॅक्टरच्या कंपनीने पोरं सांभाळली, आणि त्यातल्या एकाने चार ऑलिंपिक आणि चार विश्वचषक खेळून दाखवले. पण धनराज, देविंदर, त्याचा भाऊ युवराज, त्याआधी जोकिम कार्व्हालो, मर्विन फर्नांडिस, व्हिरेन रस्किन्हा, ही सगळी मुंबई-पुण्याची मंडळी. गावाकडचा पोरगा यात दिसत नाही.

मग गावाकडे जमणारच नाही का? सातारा जिल्ह्यात बघा. फलटण तालुक्यातली वैष्णवी फाळके ही मुलगी देशाच्या महिला संघातून २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत ब्राँझपदक घेऊन आली. त्याच वर्षी जपानमध्ये ज्युनियर आशिया चषक जिंकणाऱ्या संघात तिच्यासोबत त्याच जिल्ह्यातली ऋतुजा पिसाळही होती. शेतकऱ्याच्या घरच्या मुली जाऊ शकतात, तर मुलगे का नाही?

तुम्ही म्हणाल, हॉकी आता गवतावर राहिली नाही. बरोबर आहे. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून कृत्रिम हिरवळ आली, त्या वर्षी आपण सातवे आलो, आणि पुढे संसारपूरचीही नावं यादीतून विरळ होत गेली. ते मैदान करायला कोट्यवधी लागतात, वर पाणी मारावं लागतं. ग्रामपंचायतीचं ते काम नाही. ते सरकारने करावं, जसं ओडिशाने सुंदरगडात केलं. २०२३ चा विश्वचषक त्यांनी राउरकेल्याला नेला तो उगाच नाही. पण पोराच्या हाताला वळण लागतं ते आठव्या-दहाव्या वर्षी, मातीच्या सपाट जागेवर. तेवढी जागा गाव देऊ शकतं.

आणखी एक, संघ म्हणजे फक्त अकरा जण नव्हेत. मैदानात अकरा उतरतात, पण विश्वचषकाला अठरा नेतात, ऑलिंपिकला सोळा आणि वर राखीव. सामन्यात सारखी अदलाबदल चालू असते. तुम्ही आवणीनंतर नांगे भरायला मूठभर रोपं राखून ठेवता ना, तसंच. १९७५ च्या उपांत्य सामन्यात मलेशियापुढे आपण १-२ ने मागे होतो, शेवटची काही मिनिटं उरलेली. बाकावरून अस्लम शेरखानला उतरवलं, त्याने बरोबरी साधून दिली आणि जादा वेळात आपण जिंकलो. टोकियोला सिमरनजीत सिंग मूळ सोळांत नव्हता, राखीव होता. करोनामुळे राखीवांनाही खेळवायची मुभा मिळाली, आणि जर्मनीविरुद्ध ५-४ च्या सामन्यात त्याने दोन गोल मारले. ४१ वर्षांनी पदक आलं ते असं. पॅरिसला उलटं झालं. रोहिदासला लाल कार्ड मिळालं, उपांत्य सामन्याला बंदी आली, पंधरा जणांवर भागवावं लागलं आणि जर्मनीकडून २-३ ने हरलो. ज्याच्याकडे राखीव रोप जास्त, त्याचं शेत भरलेलं. देशाच्या संघाला राखीव मिळतात राज्यातून, राज्याला जिल्ह्यातून, आणि जिल्ह्याला? तुमच्या-माझ्या गावातून.

आता माझी एक चूक सांगतो. माझ्या कामाच्या हद्दीत एक गाव आहे, नाव घेत नाही. शाळेमागे गुरचरणाची छान सपाट जागा होती. पोरं संध्याकाळी खेळायची. त्यातला एक पोरगा वाऱ्यासारखा पळायचा, बांबूच्या दांडक्याने चेंडू असा काढून न्यायचा की बघत राहावं. आधी त्या जागेच्या कोपऱ्यात एक शेड आली. मग लग्नांचे मांडव. मग गाड्या लागू लागल्या, खडी पडली. ज्या ग्रामसभेत शेडचा ठराव झाला, त्या सभेला मी हजर होतो. जागा जाते आहे हे दिसत होतं. "आपलं खातं नव्हे" म्हणून गप्प बसलो. तो पोरगा आज एका गोदामात माल चढवतो. कष्टाची भाकरी आहे, कमीपणा काही नाही. पण त्याचं नाव कुठल्याच यादीत येण्याची वेळच आली नाही, आणि त्यात माझ्या गप्प बसण्याचाही वाटा आहे.

म्हणून सरपंच, ग्रामसेवक, तलाठी आणि शाळेचे गुरुजी, तुम्हा सर्वांना विनंती आहे. हॉकीचं पूर्ण मैदान म्हणजे साधारण ९१ मीटर लांब आणि ५५ मीटर रुंद, आपल्या भाषेत पन्नास गुंठे. पन्नास नसतील तर वीस राखा. येत्या ग्रामसभेत सातबारा आणि नकाशा समोर ठेवून गावची मोकळी जागा कुठे, किती आणि कोणाच्या ताब्यात आहे ते वाचून दाखवा. गावच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं काढा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०११ सालीच दिलेला आहे. शहापूर, मुरबाडकडच्या पेसा गावांत तर ग्रामसभेचा शब्द आणखी वजनदार. मैदानाचं सपाटीकरण गावच्या विकास आराखड्यात घाला. दगड वेचायला, रोलर फिरवायला एक रविवार श्रमदान करा.

आणि शेतकरी बंधूंनो, पोरगं संध्याकाळी तासभर खेळलं तर गुरं उपाशी मरत नाहीत. सगळेच काही देशाकडून खेळणार नाहीत. पण रेल्वे, पोलीस, सैन्यदल चांगल्या खेळाडूला नोकरी देतात, आणि दोन एकर भातावर तीन भावांचं भागत नाही हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता.

टेंभी नाक्यावर हंडी फोडणाऱ्या वरच्या पोराचा फोटो पेपरात येतो, पण भार खालचा थर घेतो. आपण निदान तो खालचा थर तरी लावू. त्या दिवशी काकांना मी नुसतं "नाही" एवढंच म्हणालो होतो. खरं उत्तर होतं, "काका, आपण पेरलंच नाही." येत्या ग्रामसभेला मी जाणार आहे, आणि या वेळी बोलणार आहे. तुम्हीही बोला.