घरातले दुःख परक्याला सांगणे ही गीबत आहे का?



कन्नडहून एका बहिणीचे पत्र आले आहे. नाव छापू नये असे तिने बजावले आहे. नाव तर छापत नाहीच, ओळख पटेल असा तपशीलही गाळला आहे. दुसरे बाळंतपण होऊन तिला चार महिने झाले. पती वाळूजला कारखान्यात, आठवड्यातून एकदा घरी येतो. रात्री बाळ झोपले तरी हिला झोप लागत नाही. उगाच रडू येते, बाळाला जवळ घ्यावेसे वाटत नाही, नमाजला उभी राहिली तर किती रकअत झाल्या तेच आठवत नाही. सासू म्हणते नजर लागली, अम्मी म्हणते सबर कर. पती घरी आला की तासाभरात भांडण. मागच्या महिन्यात तलाकचा शब्द त्याच्या ओठावर आला आणि कसाबसा थांबला. आता कोणीतरी मोबाइलवरून बोलणाऱ्या समुपदेशकाचे सुचवले आहे. पती तयार आहे, पण समुपदेशक मुस्लिमच हवा म्हणतो. ही मात्र वेगळ्याच प्रश्नावर अडली आहे. पतीच्या आणि सासूच्या तक्रारी परक्या माणसापुढे मांडल्या तर ती गीबत होईल का?

नाही होणार, बहिणी. हजरत हिंद बिन्ते उत्बा (रजि.) यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे आपल्या पतीची तक्रार केली होती. अबू सुफियान हात आखडता घेतात, मला आणि मुलांना पुरेल एवढे देत नाहीत, असे त्यांनी नाव घेऊन सांगितले. प्रेषितांनी (स.) त्यांना गप्प बसवले नाही. रीतीप्रमाणे गरजेपुरते घ्यायची परवानगी दिली. याच हदीसचा आधार घेऊन इमाम नववी (रह.) यांनी 'रियाजुस्सालिहीन'मध्ये गीबत न ठरणारे सहा प्रसंग सांगितले आहेत. अन्यायाची दाद मागणे, चूक दुरुस्त करण्यासाठी मदत मागणे, मसला विचारणे हे त्यातलेच. डॉक्टरला दुखणे सांगताना जसे काही लपवत नाही, तसेच हे आहे. पतीपत्नीमधल्या खाजगी गोष्टी चारचौघांत सांगायला सक्त मनाई आहे हे खरे, पण उपचारासाठी लागेल तेवढे सांगणे वेगळे. मर्यादा एवढीच, की जे समुपदेशकाला सांगितले तेच दुपारी शेजारणीला सांगत बसायचे नाही. आणि खरे सांगायचे तर आपल्याकडे उलटेच होते. शेजारणीला सगळे ठाऊक असते, ज्याने इलाज करायचा त्याला काहीच नाही.

पत्रात एक वाक्य आहे, 'माझे इमानच कमजोर झाले असेल'. त्यावर थोडे थांबून बोलायला हवे. हजरत याकूब (अ.) मुलाच्या विरहात इतके रडले की त्यांची नजर गेली. कुरआनात, सूरह यूसुफमध्ये, हे आले आहे. ते पैगंबर होते. त्यांच्या अश्रूंना कोणी कमजोर इमान म्हणत नाही. सबर म्हणजे दुखणे अंगावर काढणे नव्हे. अल्लाहने इलाज दिला नाही असा आजारच उतरवला नाही, असे सांगणारी हदीस आपण सगळे मधुमेहाला आणि मोतीबिंदूला लावतो. ती मनाला लावताना मात्र आपली जीभ अडखळते. पूर्वी असे नव्हते. नवव्या-दहाव्या शतकात बल्ख भागातले अबू झैद अल-बल्खी यांनी शरीर आणि मन या दोन्हींच्या आरोग्यावर एकच ग्रंथ लिहिला. राग, भीती, दुःख आणि मनातून न जाणारे वस्वसे यांवर त्यात वेगवेगळी प्रकरणे आहेत. त्यांनी दुःखाचे दोन प्रकार केले, एक कारण दिसणारे आणि दुसरे कारण न दिसणारे. पहिल्यावर बोलून, समजावून इलाज करता येतो. दुसऱ्याचे मूळ शरीरात असू शकते, म्हणून तिथे शरीराचाही उपचार करावा, असे त्यांचे म्हणणे होते.

म्हणून या बहिणीला माझे पहिले सांगणे समुपदेशकाचे नाही, डॉक्टरचे आहे. बाळंतपणानंतर आठ-दहा दिवस रडू येणे बहुतेकींना होते आणि आपोआप जाते. दोन आठवड्यांच्या पुढे गेले, झोप उडाली, बाळाची ओढ वाटेनाशी झाली, तर तो बाळंतपणानंतरचा नैराश्याचा आजार असू शकतो. त्यावर इलाज आहे. रक्त कमी असणे आणि थायरॉइड यांचीही तपासणी करून घ्यावी, कारण त्यांनीही असेच वाटू शकते. अंगावर पाजत असताना चालतील अशी औषधेही असतात, ती डॉक्टरच ठरवतील. छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. बाळाला किंवा स्वतःला काही करावेसे वाटू लागले, किंवा कानात कोणी बोलते आहे असे वाटले, तर उद्याची वाट पाहायची नाही, त्याच दिवशी दवाखाना.

आता पतीची अट. समुपदेशक मुस्लिमच हवा का? त्याचे म्हणणे मी हसण्यावारी नेणार नाही. वुजू पुन्हा पुन्हा करणाऱ्या माणसाचे उदाहरण घ्या. हात धुऊन धुऊन कातडी सोलली तरी वुजू झाला असे त्याला वाटतच नाही. दीन न समजणारा समुपदेशक म्हणू शकतो, एवढी नमाज कशाला, थोडी कमी करा. आणि मनाचा आजार न समजणारा जाणकार म्हणेल, शैतानाचा वस्वसा आहे, दुर्लक्ष कर. पहिल्याने माणूस दुखावतो, दुसऱ्याने आजार तसाच राहतो. दोन्ही समजणारा माणूस सांगेल की शरिअतने वुजूला तीनची हद्द घातली आहे, चौथ्यांदा धुणे हा दीन नव्हे, आजार आहे आणि त्याची रीतसर उपचारपद्धती आहे. रमजानमध्ये गोळ्यांच्या वेळा, इद्दतमधल्या बाईचे एकटेपण, संयुक्त घरातला पडदा, हे प्रत्येक वेळी पहिल्यापासून समजावून सांगावे लागले नाही तर बोलणे सोपे होते. म्हणूनच जगात अशी केंद्रे उभी राहिली. अमेरिकेत शिकागोजवळ २०१० साली सुरू झालेले खलील सेंटर त्यातलेच. सुदानचे मानसशास्त्रज्ञ मलिक बद्री यांनी तर १९७९ मध्येच मुस्लिम मानसशास्त्रज्ञांच्या कोंडीवर पुस्तक लिहिले होते.

पण दाढी किंवा हिजाब ही पदवी नाही. मोबाइलवर 'इस्लामी समुपदेशन' असे नाव लावून बसायला कोणालाही काही लागत नाही. शिक्षण काय, कुठे घेतले, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवत असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का, फी किती, बोलणे रेकॉर्ड होते का, हे पहिल्याच फोनवर विचारा. विचारल्यावर जो चिडतो, तो नको. गोपनीयता हा उपकार नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मानसिक आजारावर उपचार घेणाऱ्याला तो हक्कच दिला आहे. मुस्लिम आणि शिकलेला दोन्ही मिळाला तर उत्तम. निवड करावीच लागली तर शिकलेला आणि तुमच्या श्रद्धेचा मान राखणारा घ्यावा, मग तो कोणत्याही धर्माचा असो. दीनचा मसला आलिमला विचारता येतो.

आणखी एक कसोटी आहे. बरीरा (रजि.) गुलामीतून मुक्त झाल्या तेव्हा पती मुगीस यांच्यासोबत राहायचे की नाही हे ठरवायचा हक्क त्यांना मिळाला. त्यांनी नको म्हटले. मुगीस मदीनेच्या रस्त्यांत त्यांच्या मागे रडत फिरत. प्रेषितांनी (स.) बरीरांना सुचवले, परत जावे. त्यांनी विचारले, हा हुकूम आहे का? प्रेषित (स.) म्हणाले, नाही, मी फक्त शिफारस करतो. बरीरांनी नकार दिला आणि तो नकार मान्य झाला. खुद्द प्रेषितांनी (स.) जिथे हुकूम केला नाही, तिथे पडद्यावर बसलेला समुपदेशक 'काहीही झाले तरी घर सोडू नकोस' किंवा 'आजच सोड' असे फर्मावू लागला, तर त्याला आपले काम कळलेले नाही.

पतीने तलाकचा शब्द गिळला, अल्हम्दुलिल्लाह. सूरह निसाच्या पस्तिसाव्या आयतीत पतीपत्नीत फूट पडण्याची भीती असेल तर दोन्हीकडून एकेक हकम नेमायला सांगितले आहे. २००२ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात पूर्ण पीठानेही निवाडा दिला, की 'मी तलाक दिला' एवढे सांगून भागत नाही. कारण काय होते, मध्यस्थ नेमले का, समेटाचा प्रयत्न झाला का, हे सिद्ध करावे लागते. म्हणजे आपल्याच जिल्ह्यातून निघालेला हा निवाडा त्याच आयतीशी जुळणारा आहे. अडचण अशी, की कन्नडसारख्या गावात हकम म्हणून बसणारे मामू आणि चाचा बहुधा दोन बाजूंचे वकील होऊनच येतात. बाजार सुटायच्या आत बैठकीतला शब्दनशब्द गावभर झालेला असतो. दूरवर बसलेला, दोघांपैकी कोणाचाच नातेवाईक नसलेला माणूस इथे कामाला येतो. तो हकम नव्हे, निर्णय देणार नाही. पण हकमांसमोर काय बोलायचे ते दोघांना उमगेपर्यंत तो ऐकून घेतो.

मारहाण होत असेल तर मात्र दोघांना एकत्र बसवणारे समुपदेशन करू नये. बाईने खरे सांगितले तर त्याची किंमत तिला फोन ठेवल्यावर मोजावी लागते. तिथे आधी १८१ ही महिला हेल्पलाइन, जीवाला धोका असेल तर ११२.

आता थोडे व्यवहाराचे. घरात एकच मोबाइल असेल आणि तो सगळ्यांच्या हातात फिरत असेल तर पहिले काही फोन अम्मीकडून करावेत. इअरफोन लावावा, म्हणजे निदान समोरचे बोलणे तरी बाहेर जात नाही. पहिल्या एक-दोन वेळा पतीपत्नीने वेगवेगळे बोलावे, मग एकत्र. पैसे नसतील तर केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा आहे, १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू. १४४१६ हा नंबर, फुकट, रात्रंदिवस, आणि मराठीतही बोलतात. ती सेवा धर्माच्या नावाची नाही, पण 'मला नमाजमध्ये लक्ष लागत नाही आणि त्याचा अपराध वाटतो' हे वाक्य तिथेही जसेच्या तसे सांगावे. गाळू नये. आजाराचे ते एक लक्षण आहे आणि ऐकणाऱ्याला त्यावरून बरेच कळते.

पतीसाठी दोन ओळी. भाई, तुम्ही अट घातलीत, हरकत नाही. पण तुमच्या पसंतीचा समुपदेशक सापडेपर्यंत डॉक्टरकडे जाणे थांबवू नका. पुढच्या सुट्टीला घरी याल तेव्हा घाटीची बाह्यरुग्ण वेळ विचारून या, बाळाला तुमच्या अम्मीकडे ठेवा आणि तिच्यासोबत तुम्ही स्वतः जा. रांगेत तिला एकटी बसवू नका.