धूळ आज, दुखणे चाळीस वर्षांनी

ॲस्बेस्टॉसमुळे लहान मुलांना कॅन्सर होतो काय, हा प्रश्न मला दवाखान्यात अधूनमधून विचारला जातो. कुठेतरी काही वाचनात आलेले असते, घरावर सिमेंटचे पत्रे असतात आणि मुलाचा खोकला पंधरा दिवस हटत नाही. मग आईबापांच्या जिवाला घोर लागतो. या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येत नाही, म्हणून आज थोडे सविस्तर लिहितो.

आपल्या फुप्फुसांभोवती, हृदयाभोवती आणि पोटातील आतड्यांभोवती एक पातळ, ओलसर अस्तर असते. या अस्तराच्या कॅन्सरला मेसोथेलिओमा म्हणतात. मोठ्या माणसांतही हा आजार दुर्मीळच. मुलांमध्ये तर तो इतका विरळा, की इतक्या वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये मी असे एकही मूल पाहिलेले नाही.

ॲस्बेस्टॉस हा खाणीतून निघणारा तंतुमय दगड. त्याचे तंतू केसापेक्षा कितीतरी बारीक असतात, ते जळत नाहीत, कुजत नाहीत. धुळीबरोबर श्वासातून आत गेले की त्यातले काही कायमचे तेथेच रुतून बसतात. या तंतूंचा आणि मेसोथेलिओमाचा संबंध ठळकपणे पुढे आणला तो दक्षिण आफ्रिकेतील डॉ. वॅग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, १९६० साली. त्यांनी ३३ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की त्यातील बरेच जण खाणकामगार नव्हतेच. खाणींच्या परिसरात त्यांचे नुसते वास्तव्य होते, कित्येकांचे तर फक्त बालपण तेथे गेले होते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ॲस्बेस्टॉसचा तंतू शरीरात गेल्यापासून हा कॅन्सर दिसू लागेपर्यंत साधारण वीस ते पन्नास वर्षे जातात. आठ-दहा वर्षांच्या मुलाच्या आयुष्यात तेवढी वर्षेच झालेली नसतात. १९८८ मध्ये अमेरिकेतील डॉक्टरांनी मुलांमधील अशा सुमारे ८० रुग्णांच्या नोंदी एकत्र करून तपासल्या, तेव्हा ॲस्बेस्टॉसशी संबंध असल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. एवढेच नव्हे, तर काचपट्ट्या पुन्हा पाहिल्यावर त्यातील अनेकांचे निदानच वेगळे निघाले. लहानपणी होणाऱ्या मेसोथेलिओमाची कारणे वेगळी असावीत. काही रुग्णांत जनुकांतील बदल आढळले आहेत. बहुतेकांत कारण सापडतच नाही.

तेव्हा घरावर पत्रा आहे आणि मूल खोकते, म्हणून कॅन्सरची धास्ती घेऊ नका. आपल्याकडे मुलाच्या छातीत पाणी झाले तर पहिला संशय क्षयाचा किंवा न्यूमोनियाचा घ्यायचा असतो, आणि हे दोन्ही आजार औषधांनी बरे होतात. दोन आठवड्यांवर खोकला किंवा ताप, वजन घटणे, धाप लागणे, पोट फुगत जाणे यांपैकी काहीही असेल तर एक्स-रे, गरज पडल्यास सोनोग्राफी आणि पाण्याची तपासणी करून घ्यावी. पूर्ण उपचार करूनही पाणी पुन्हा पुन्हा भरत असेल, तर मात्र दिवस घालवू नयेत. अस्तराचा तुकडा काढून मुंबईच्या टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी तपासून घ्यावा.

एवढे वाचून पालकांना हायसे वाटले असेल. पण माझे म्हणणे येथे संपत नाही, येथून सुरू होते.

मुलांना आज हा कॅन्सर होत नाही, याचा अर्थ ही धूळ मुलांना चालते असा नाही. उलट आहे. ब्रिटनमधील सरकारी तज्ज्ञ समितीने २०१३ मध्ये असा अंदाज दिला, की पाचव्या वर्षी ॲस्बेस्टॉसशी संबंध आलेल्या मुलाला आयुष्यभरात मेसोथेलिओमा होण्याचा धोका, पंचविसाव्या वर्षी संबंध आलेल्या माणसापेक्षा सुमारे साडेतीन पट, आणि तिसाव्या वर्षी संबंध आलेल्यापेक्षा पाच पट असतो. कारण साधे आहे. मुलापुढे जगायची वर्षे जास्त, म्हणून तंतूला काम करायलाही जास्त वर्षे मिळतात.

पश्चिम ऑस्ट्रेलियातील विटनूम या गावी हेच घडले. तेथील निळ्या ॲस्बेस्टॉसची खाण १९६६ मध्ये बंद झाली. तोवर खाणीतला टाकाऊ चुरा रस्त्यांवर आणि शाळेच्या मैदानावर पसरला गेला होता. मुले त्यात खेळली. खेळताना कुणी आजारी पडले नाही. त्यांतील काही जण मोठेपणी, संसार उभा राहिल्यावर, मेसोथेलिओमाने गेले.

आपल्याकडे काय स्थिती आहे? ॲस्बेस्टॉसच्या खाणींना नवे परवाने देणे १९८६ मध्ये थांबले, पण आयात चालू आहे, आणि त्यातला मोठा वाटा पत्र्यांत जातो. युरोपीय संघाने २००५ पर्यंत ॲस्बेस्टॉसवर बंदी घातली. कारखानदार म्हणतात की पत्र्यात वापरतात ते पांढरे ॲस्बेस्टॉस, निळ्यापेक्षा सौम्य, आणि सिमेंटमध्ये घट्ट बसलेले. त्यात तथ्य आहे. धड पत्र्यातून फारशी धूळ उडत नाही. पण जागतिक आरोग्य संघटना सर्वच प्रकारांना कॅन्सरकारक मानते, आणि पत्रा जन्मभर धड राहत नाही. तो कापला जातो, त्याला भोके पाडली जातात, वादळात फुटतो, जुना झाला की झिजतो.

म्हणून घरचा पत्रा उद्याच उतरवा असे मी सांगणार नाही. गरिबाच्या डोक्यावर तेच छप्पर आहे. पण काही गोष्टी पैशाविना होतात. पत्रा घासू नका, कोरडा कापू नका. भोक पाडायचेच तर पाणी मारून पाडा, आणि त्या वेळी मुलांना लांब ठेवा. पडलेला चुरा झाडू नका, ओल्या फडक्याने टिपा. नाकाला बांधलेल्या रुमालाने हे तंतू अडत नाहीत. फुटके तुकडे अंगणात, चुलीपाशी किंवा मुलांच्या हाती ठेवू नका. असे काम करणाऱ्याने कपडे बदलल्याशिवाय लेकराला उचलून घेऊ नये.

शाळा-अंगणवाड्यांची गोष्ट मात्र वेगळी. तेथे निर्णय घरमालकाचा नसतो, आपल्या सर्वांचा असतो. नव्या वर्गखोलीवर हा पत्रा पडता कामा नये. जुना बदलायचा तर मे महिन्याच्या सुट्टीत, ओला करून, स्क्रू सोडवून, अखंड उतरवावा. हातोडीने फोडून मैदानात ढीग लावू नये. ग्रामपंचायतीने, नगरपालिकेने आणि शाळा व्यवस्थापन समितीने ठेकेदाराशी करार करतानाच या अटी लिहून घ्याव्यात.

१९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस कारखान्यांतील कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी किमान चाळीस वर्षे जपून ठेवण्याचा आदेश दिला. हा आजार किती उशिरा उगवतो, हे न्यायालयाने ओळखले होते. पण फुटक्या पत्र्याखाली पाढे म्हणणाऱ्या मुलांची नोंद कोणत्याच वहीत होत नाही. चाळीस वर्षांनी त्यांना धाप लागेल तेव्हा शाळेचे ते छप्पर कुणाला आठवणारही नाही. म्हणून जे करायचे ते आताच, मुले निरोगी असतानाच करायला हवे.