फोन कुणाच्या हातात, मत कुणाचे?

विधानसभेची निवडणूक जवळ आली की मराठवाड्यातल्या घराघरांत फोन वाजू लागतात. कधी ध्वनिमुद्रित आवाज असतो, 'अमक्या पक्षासाठी एक दाबा, तमक्यासाठी दोन दाबा.' कधी एखादी मुलगी बोलते, 'नमस्कार, एका पाहणीसाठी बोलतेय. आज मतदान झालं तर तुम्ही कुणाला मत द्याल?' मग काही दिवसांनी वर्तमानपत्रात आणि वाहिन्यांवर कौल झळकतो. त्यात पुरुष, स्त्रिया, तरुण, शेतकरी असे वेगवेगळे रकाने असतात. स्त्रियांच्या रकान्यात एक आकडा असतो आणि त्यावर तज्ज्ञ मंडळी तासभर चर्चा करतात. हा आकडा येतो कुठून, याची चौकशी मात्र कुणी करत नाही. ती आपण करायला हवी, कारण तो आकडा आपल्या नावाने छापला जातो.

आधी हिशेब पाहू. हजार माणसांचा नमुना रीतसर निवडला तर निष्कर्षात साधारण तीन टक्के इकडेतिकडे होऊ शकते, असे संख्याशास्त्र सांगते. पण त्या हजारांत बायका दोनशेच भेटल्या, तर बायकांच्या आकड्यातली चूक सात टक्क्यांपर्यंत जाते. मतदारयादीत तर बायका जवळजवळ निम्म्या असतात. ही तफावत भरून काढायला पाहणी करणारे 'भार' देतात, म्हणजे प्रत्येक बाईचे उत्तर अडीच वेळा मोजतात. रीत शास्त्रशुद्ध आहे, तिच्यात लबाडी नाही. पण फोन उचलून बोललेली बाई कोण होती? बहुधा शहरातली, शिकलेली, नोकरीवाली, स्वत:चा फोन असलेली. तिचे मत अडीच पट करून आपण ते सोयगावच्या किंवा पैठण तालुक्यातल्या शेतमजूर बाईच्या नावावर टाकतो. एकीला बोलायला मिळाले म्हणून दुसरीही बोलली, असे धरले जाते.

२०१९ ते २१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बायकांना विचारले होते, की तुम्ही स्वत: वापरता असा मोबाइल तुमच्याकडे आहे का? देशात सुमारे ५४ टक्के बायकांनी हो म्हटले. महाराष्ट्राचा आकडाही त्याच्याच आसपास होता. देशातल्या खेड्यांपुरते पाहिले तर तो निम्म्याच्याही खाली होता. त्यानंतर फोन वाढले असतील, पण फोन घरात येणे आणि बाईच्या हातात येणे यांत अंतर असते. सिमकार्ड नवऱ्याच्या नावावर, रिचार्ज मुलाच्या हातात, आणि अनोळखी नंबर बाईने उचलायचा नाही असा घरचा नियम. तिने उचललाच, तर उत्तर ठरलेले असते: 'मालक घरी नाहीत, संध्याकाळी लावा.' पाहणीवाले संध्याकाळी लावतात आणि मालकांचे मत घेतात.

बाई बोलायला तयार झाली तरी प्रश्न संपत नाही. ती स्वयंपाकघरात असते, समोर सासू असते, बाजेवर दीर असतो. फोन स्पीकरवर असतो. 'कुणाचा गं?' म्हणून विचारणा होते. अशा वेळी बाई 'माहीत नाही' म्हणते, किंवा 'घरचे टाकतील तिकडंच' म्हणते. तक्त्यात याची नोंद 'निर्णय न झालेले' अशी होते. अनेकदा हे लोक हिशेबातून गाळले जातात किंवा इतरांच्या प्रमाणात वाटून टाकले जातात. आपल्यापैकी ज्यांनी वस्त्यांमध्ये काम केले आहे त्यांना ठाऊक आहे, की बाईच्या 'माहीत नाही'चा अर्थ पुष्कळदा 'इथे सांगता येत नाही' असा असतो. मतदानकेंद्रात तिच्यासाठी पुठ्ठ्याचा का होईना, आडोसा असतो. घरात तो नसतो.

कुणी म्हणेल, मग फोन टाकून द्या आणि घरोघर जा. घरोघर जाऊन केलेल्या पाहण्या अधिक भरवशाच्या, हे खरेच. दिल्लीच्या सीएसडीएस संस्थेच्या 'लोकनीती'ने वर्षानुवर्षे तसेच काम केले आहे. पण दारात उभे राहूनही आधी पुरुषच पुढे येतो, आणि बाई बोलली तर तो मध्येच दुरुस्ती करतो. उलट, दुपारी दोन वाजता घरात एकटी असलेली, हातात स्वत:चा फोन असलेली बाई बाईशी मोकळेपणी बोलू शकते. फोन स्वस्त आहे, वेगवान आहे, आणि त्याला दार ठोठवावे लागत नाही. तेव्हा साधनाला दोष देऊन भागणार नाही. फोनच्या यादीलाच मतदारयादी समजले जाते, तिथे खरी चूक आहे.

ही चूक नवी नाही. अमेरिकेत १९३६ साली 'लिटररी डायजेस्ट' नावाच्या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या. वीस लाखांहून अधिक परतही आल्या, आणि त्यावरून त्यांनी रूझवेल्ट हरणार असे जाहीर केले. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्ये जिंकले. ज्या याद्यांवरून पत्रिका धाडल्या, त्यांत टेलिफोनधारक आणि मोटारमालकांचा मोठा भरणा होता. मंदीत होरपळणाऱ्या गरिबाघरी ना फोन होता ना मोटार. शिवाय मिळालेली पत्रिका परत पाठवायची तसदीही ठरावीक लोकांनीच घेतली. त्याच वेळी जॉर्ज गॅलपने कितीतरी लहान, पण निवडून घेतलेल्या नमुन्यावर बरोबर अंदाज दिला.

आपल्याकडचा दाखला तर त्याहून बोलका आहे. १९५१-५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी याद्या तयार होत होत्या, तेव्हा मुख्यत: उत्तरेकडच्या राज्यांत लाखो बायकांनी स्वत:चे नाव सांगितलेच नाही. 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढीच नोंद झाली. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठाम भूमिका घेतली, की मतदाराला स्वत:चे नाव असलेच पाहिजे. सुमारे २८ लाख बायकांची नावे त्या यादीतून गळली. त्या वेळी पुष्कळ ओरड झाली, पण पुढच्या निवडणुकांत बायका स्वत:च्या नावाने यादीत आल्या. सत्तर वर्षांनंतर जनमत चाचणी आपल्याला पुन्हा 'अमक्याची बायको' करते आहे, कारण तिच्या यादीत असतो तो नवऱ्याचा नंबर.

आणि हे फक्त चाचणीपुरते राहत नाही. २० नोव्हेंबर २०२४ला महाराष्ट्र विधानसभेसाठी मतदान झाले. त्याआधी जूनअखेर 'लाडकी बहीण' योजना जाहीर झाली होती आणि दोन कोटींहून अधिक बायकांच्या खात्यात दरमहा १,५०० रुपये जमा होऊ लागले होते. २०१९ साली राज्यातल्या सुमारे ५९ टक्के महिला मतदारांनी मतदान केले होते, २०२४ला सुमारे ६५ टक्के बायका बाहेर पडल्या. २३ तारखेला निकाल लागला. लोकसभेला सहाच महिन्यांपूर्वी ४८ पैकी १७ जागांवर अडलेल्या महायुतीने विधानसभेच्या २८८ पैकी दोनशे तीसच्या घरात जागा घेतल्या. बहुतेक अंदाजांनी महायुतीला कौल दिला होता, पण एवढा मोठा कुणी क्वचितच वर्तवला होता.

त्या संध्याकाळपासून एकच वाक्य कानावर येऊ लागले: 'लाडक्या बहिणींनी केलं.' जिंकलेल्यांनी ते कौतुकाने म्हटले. हरलेल्यांतल्या काहींनी आणि पारावरच्या पुष्कळांनी 'दीड हजारात विकल्या गेल्या' म्हणून हिणवले. निवडणुकीपूर्वी ज्यांना कुणी धड विचारले नव्हते, त्यांच्या मनातले निकालानंतर सगळ्यांनाच कळले! ऊस, दूध, कापूस यांच्या भावावर पुरुष मत देतात, त्याला आपण 'हिताचा विचार' म्हणतो. बाईने गॅस, किराणा आणि मुलीची फी डोळ्यांपुढे ठेवून मत दिले, तर ती विकली गेली? कदाचित तिने पैशासाठी मत दिले असेल, कदाचित जातीसाठी, धर्मासाठी, उमेदवारासाठी, किंवा पैसे घेऊन दुसऱ्यालाच दिले असेल. चार कोटींहून अधिक महिला मतदारांचे एकच मन असणे शक्य तरी आहे का? नीट विचारले असते तर उत्तरे वेगवेगळी आली असती. ती हाताशी नसली की कौतुक आणि अपमान दोन्ही फुकट वाटता येतात.

याच योजनेने फोनचा प्रश्न आणखी एका अंगाने दाखवला. सप्टेंबर २०२५मध्ये पडताळणीसाठी लाभार्थी बाईबरोबर पती किंवा वडिलांचाही आधार मागितला गेला, आणि त्यासाठीचा ओटीपी त्यांच्या मोबाइलवर जाऊ लागला. विधवा, घटस्फोटित, टाकलेल्या बायकांची त्यात किती ओढाताण झाली, ते सर्वांनी पाहिले. पैसे बाईचे, पण शब्द पुरुषाच्या फोनवर.

आपल्या छत्रपती संभाजीनगरात तर थोड्या मतांनी निकाल फिरतात. २०१९ला औरंगाबाद लोकसभेचा निकाल ४,४९२ मतांनी लागला. २०२४ला औरंगाबाद पूर्व विधानसभेचा २,१६१ मतांनी. एवढ्या मतांचा फरक कुठलीही चाचणी हेरू शकत नाही. अशा ठिकाणी कुणाकुणाला फोन गेलाच नाही, हे तरी सांगायला नको का? २०११च्या जनगणनेप्रमाणे शहरात तीस टक्क्यांच्या आसपास मुस्लिम लोकसंख्या आहे. प्रश्न फक्त पुस्तकी मराठीत विचारला तर दखनी बोलणारी बाई फोन ठेवून देते. मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणाऱ्यांचे पाहा. नोव्हेंबर म्हणजे टोळ्या निघायचे दिवस. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक 'कोयता' असतो, आणि फडावरच्या कोपीत दोघांत मिळून एखादाच फोन. कामाला दोघे, मजुरीला एक कोयता, आणि पाहणीतही एकच मत.

काय विचारले जाते, हेही तपासायला हवे. 'सर्वांत महत्त्वाचा प्रश्न कोणता?' असे विचारून पर्याय देतात: बेरोजगारी, महागाई, आरक्षण, 'रस्ते-वीज-पाणी'. जायकवाडीसारखे धरण पन्नास-साठ किलोमीटरवर असूनही या शहराने वर्षानुवर्षे कधी पाच, कधी आठ दिवसांनी पाणी पाहिले. १,६८० कोटींच्या नव्या योजनेचे भूमिपूजन डिसेंबर २०२०मध्ये झाले, त्यानंतरही बायकांचे दिवस ड्रम भरण्यात आणि टँकरची वाट पाहण्यात गेले. तिच्यासाठी पाणी हा रस्त्याला आणि विजेला जोडून टाकायचा विषय नाही. दारू, रात्रीचा सुरक्षित प्रवास, घरातली मारहाण यांना तर या याद्यांत जागाच सापडत नाही.

बायकांचे मत घेताच येत नाही, असे म्हणायची मात्र सोय नाही, कारण महाराष्ट्रात ते घेऊन दाखवले आहे. दारूचे दुकान बंद करण्यासाठी गावोगाव झालेले 'उभी बाटली, आडवी बाटली'चे मतदान आठवा. तिथे बाई स्वत:च्या नावाने यादीत असते, मतपत्रिका गुप्त असते, चिन्ह निरक्षर बाईलाही कळते. आणि अट अशी कडक, की आलेल्यांच्या नव्हे तर यादीतल्या सर्व महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडली पाहिजेत. इतकी कडक अट असूनही बायकांनी अनेक ठिकाणी बाटली आडवी केली. दुकान बंद करायला प्रत्येक बाई मोजावी लागते आणि सरकार कुणाचे येणार हे सांगायला दोनशे पुरतात, हे कसे?

फोनच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या मुलींनाही विसरता कामा नये. हे फोन करायला बहुधा विशी-पंचविशीतल्या मुली बसवतात, कारण मुलीचा आवाज ऐकून माणूस फोन लवकर ठेवत नाही. मग 'तू कुठली?', 'लग्न झालंय का?', 'तुझा नंबर दे' सुरू होते. मोबदला पुऱ्या झालेल्या मुलाखतींवर असेल, तर ते मुकाट्याने ऐकून घ्यावे लागते आणि वेळ खाणारी, अडखळत बोलणारी बाई परवडत नाही. त्या मुलींना फोन तोडायची मुभा आणि तासावर मजुरी मिळाली, तर पलीकडच्या बाईला बोलायला सवडही मिळेल.

म्हणून आपल्या मागण्या साध्या आहेत. नमुना मतदारयादीतून निवडावा, आणि यादीत नाव असलेल्या बाईशीच बोलावे. ती नसेल तर तिच्या सोयीच्या वेळी पुन्हा फोन करावा, घरातल्या पुरुषाचे मत तिच्या जागी धरू नये. बाईशी बाईने बोलावे, मराठीत, दखनीत, तिला जी भाषा जवळची तिच्यात. उत्तर नुसत्या आकड्याने देता येईल असा प्रश्न असावा, म्हणजे शेजारी बसलेल्याला काही कळणार नाही. जिथे फोन पोचत नाही त्या वस्त्यांत आणि टोळ्यांत माणसे पाठवावीत. आणि छापताना किती बायकांना फोन केला, किती बोलल्या, किती 'माहीत नाही' म्हणाल्या आणि भार किती दिला, हे सांगावे. यात जगावेगळे काही नाही. पाहणी कुणी केली, कुणी करवून घेतली, नमुना किती आणि कसा निवडला, चूक किती असू शकते, हे वर्तमानपत्रांनी सांगावे, असे प्रेस कौन्सिलने १९९६ सालीच म्हटले आहे. त्यात 'बायका किती' एवढाच प्रश्न आपण जोडतो आहोत.

मैत्रिणींनो, पुढच्या निवडणुकीत असा फोन आलाच तर तो नवऱ्याकडे देऊ नका. आधी तुम्ही विचारा: पाहणी कुणासाठी आहे, माझे नाव कुठे जाणार, आतापर्यंत किती बायकांशी बोललात? उत्तर पटले तर बोला, नाही पटले तर नका बोलू. मत सांगणे हा तुमचा हक्क आहे, तसे न सांगणे हाही. आणि वर्तमानपत्रात 'स्त्रियांचा कौल' असा मथळा दिसला, की एक पोस्टकार्ड किंवा एक मेसेज संपादकांना जाऊ द्या: किती स्त्रिया, कुठल्या, आणि फोन कुणी उचलला होता?