एकविसाव्या मजल्याचा जमाखर्च

प्रति,
नगरविकास विभाग, मुंबई महापालिका आणि म्हाडा इथे पुनर्विकासाच्या नकाशांवर सह्या करणारे सर्व अधिकारी यांस,

विषय: पुनर्वसनाच्या टॉवरची उंची मंजूर करताना तो चालवण्याच्या खर्चाचीही तजवीज करण्याबाबत.



मी लालबागच्या एका टॉवरची खजिनदार. टॉवर म्हणजे मागचा, पुनर्वसनाचा. पुढे पोहण्याचा तलाव असलेला आहे तो विक्रीचा. त्याचं गेट वेगळं. याच जागेवर आमची तीन मजली चाळ होती. आता मी 21व्या मजल्यावर राहते. संडास घरात आहे, पावसाळ्यात छत गळत नाही, स्वच्छ दिवशी शिवडीची खाडी दिसते. चाळीच्या आठवणी काढायला हे पत्र नाही. पहाटे बादली घेऊन रांगेत उभी राहिलेली बाई चाळीबद्दल हळवी होत नाही. ते काम नाटकवाल्यांनी करावं.

मुंबईला उंचीचं वेड पूर्वीपासूनच. 1878 साली पुरा झालेला राजाबाई टॉवर 280 फूट. लोअर परळला श्रीनिवास मिलच्या जागेवर उभा राहिलेला वर्ल्ड वन 280 मीटर. आकडा तोच, माप बदललं. वरळीत श्रीराम मिलच्या जमिनीवरचा पॅले रोयाल तर 300 मीटरच्याही वर गेला. पेपरात उंच इमारतींच्या याद्या येतात त्या अशाच नावांच्या. आमच्यासारखे वीस, तीस, चाळीस मजल्यांचे बिननावाचे पुनर्वसन टॉवर त्यात नसतात. खरं तर उंचीचा प्रश्न त्यांचाच आहे, कारण वर्ल्ड वनमधल्या माणसाला लिफ्टचं बिल जड जात नाही.

चाळ नुसती उभी असायची. लाकडी जिना, कौलं, गच्चीवर टाकी. पागडीचं भाडं इतकं किरकोळ की मालक ते न्यायलाही यायचा नाही. टॉवर मात्र रोज चालवावा लागतो, गिरणीसारखा. तळटाकीतलं पाणी पंपाने वर चढवायचं. तीन लिफ्ट, त्यांची एएमसी म्हणजे वार्षिक देखभालीचा करार. आगीचा मुख्य पंप, त्याला जोडीचा डिझेल पंप, पाइपात दाब टिकवणारा छोटा जॉकी पंप, प्रत्येक मजल्यावर होज, जिन्यात दिवे, जनरेटर. यातलं एकही यंत्र आम्ही मागितलं नव्हतं, उंचीबरोबर आलं. विकासकाने देखभालीसाठी एकरकमी कॉर्पस दिला. त्याच्या व्याजातून लिफ्टची एएमसी निघते, आणि तीही वर्षातून जेमतेम आठ महिने. उरलेलं महिन्याच्या मेंटेनन्समधून. माझ्या वहीत पेन्शनवर जगणारी घरं आहेत, घरकाम करणाऱ्या बायकांची आहेत. थकबाकीदारांची यादी मीच फळ्यावर लावते आणि मीच दुसऱ्या दिवशी काढते.

गेल्या पावसाळ्यात दोन लिफ्ट बंद होत्या, तिसरीचं दार अडकलं. नेमके तेव्हा आमच्या मजल्यावरचे एक काका न्हाणीघरात पडले. खुबा मोडला होता. पोरांनी प्लास्टिकच्या खुर्चीला ओढणीने बांधून त्यांना 21 मजले उतरवलं. रेफ्युज फ्लोअरवर दम घ्यायला थांबले, तर तिथे टेकायला जागा नाही: आमच्याच मंडळाच्या मंडपाचे बांबू, सायकली, कुणाचं तरी जुनं कपाट. आगीत माणसांनी जमायची ती जागा. हा दोष तुमचा नाही, आमचा. बांबू आता हलवले आहेत. सायकली अजून आहेत.

अग्निशमन दलाकडे 90 मीटरपर्यंत पोहोचणारी शिडी आहे, पण ती आधी गल्लीत वळली पाहिजे. ती वळली नाही, किंवा आग त्याहून वर लागली, की भिस्त इमारतीच्या स्वतःच्या पंपावर. ऑक्टोबर 2021मध्ये करी रोडला एका 60 मजली टॉवरच्या 19व्या मजल्यावर आग लागली. सुरक्षारक्षक बाल्कनीला लटकला, हात सुटला आणि गेला. माझ्या खिडकीतून तो धूर दिसला होता. त्या दिवसापासून मला आमच्या फायर पंपाचा आवाज ओळखू येतो, आणि तो येत नाही तेव्हाही कळतं.

कायदा आहे. महाराष्ट्राचा 2006चा आग प्रतिबंधक कायदा सांगतो की परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा तपासून दर जानेवारी आणि जुलैत फॉर्म बी सादर करायचा. पण यंत्रणा चालू ठेवायला पैसे नसले की कागद तेवढा चालू राहतो. 2025मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ताडदेवच्या एका 34 मजली इमारतीचे 17व्यापासून वरचे सगळे मजले रिकामे करायला सांगितले. ओसी म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र नाही, अग्निशमन दलाचं ना हरकत प्रमाणपत्रही नाही. तिथले लोक वकील लावू शकत होते. आमच्यावर ती वेळ आली तर आम्ही कुठे जाणार?

आता मूळ मुद्दा. पुनर्वसनाची इमारत इतकी उंच का होते? रहिवाशांना उंचीची हौस म्हणून नाही. आम्हाला भूखंडाच्या छोट्या कोपऱ्यात उभं रचलं की उरलेली मोकळी जमीन विक्रीच्या टॉवरला मिळते. म्हणजे आमच्या उंचीचा फायदा दुसऱ्याला, तिचा खर्च मात्र जन्मभर आम्हाला. नकाशा मंजूर करताना तुम्ही एफएसआय मोजता, दोन इमारतींतलं अंतर मोजता. चाव्या दिल्यावर पंधराव्या वर्षी लिफ्टचा दोर कोण बदलणार, हे कुठल्या रकान्यात आहे?

बीडीडी चाळींच्या बाबतीत तुम्ही हा विचार केलात. वरळीला ऑगस्ट 2025मध्ये 556 कुटुंबांना 40 मजली टॉवरमधल्या घरांच्या चाव्या दिल्या, आणि 12 वर्षं देखभालीची जबाबदारी रहिवाशांवर टाकली नाही. म्हणजे करता येतं. मग शहरातल्या हजारो सेस भरणाऱ्या जुन्या इमारतींच्या रहिवाशांनी काय पाप केलं? देखभालीची ठेव घरामागे ठरवू नका, मजल्यांमागे आणि यंत्रांमागे ठरवा. पंप आणि लिफ्ट बदलण्याची रक्कम वेगळ्या खात्यात विक्रीच्या टॉवरला ओसी मिळण्याआधी भरून घ्या. नंतर कुणी भरत नाही. आणि एवढा खर्च विकासकाला परवडत नसेल तर मजले कमी करा, जमीन थोडी जास्त द्या. बारा मजल्यांवर राहायला आमची ना नाही. खाडी दिसली नाही तरी चालेल.

वह्या, बिलं, एएमसीचे करार, सगळं घेऊन मी भेटायला येईन. तुम्हालाच इमारत बघायला यायचं असेल तर कृपया आदल्या दिवशी कळवा. जनरेटरमध्ये डिझेल भरून ठेवते.

आपली,
एक खजिनदार
लालबाग, मुंबई