खटला दिल्लीत, शेजार गावात

२१ फेब्रुवारी २०२५ रोजी, म्हणजे जागतिक मातृभाषा दिनाच्याच दिवशी, बेळगावजवळ सुळेभावी-बाळेकुंद्री मार्गावरच्या एका बसमध्ये तिकिटावरून भांडण झाले. प्रवासी मराठीत बोलले. वाहकाने आपल्याला मराठी येत नाही, कन्नडमध्ये बोला, असे सांगितले. शब्दाने शब्द वाढला आणि वाहकाला मारहाण झाली. परस्परांविरुद्ध तक्रारी झाल्या. पाठोपाठ चित्रदुर्गजवळ महाराष्ट्राची एस.टी. अडवून तिच्या चालकाच्या तोंडाला काळे फासण्यात आले. त्या चालकाचा बेळगावच्या भांडणाशी काडीचाही संबंध नव्हता. दुसऱ्या दिवशी महाराष्ट्राने कर्नाटकात जाणाऱ्या गाड्या थांबविल्या आणि २२ मार्चला कन्नड संघटनांनी कर्नाटक बंद पुकारला. एका तिकिटाचे भांडण महिन्याभरात दोन राज्यांचे भांडण झाले.

या सगळ्यात अडकले कोण? निपाणीहून कोल्हापूरला कॉलेजला जाणारी मुले, मिरजेच्या दवाखान्यात तारीख घेतलेले रुग्ण, चंदगडहून बेळगावच्या बाजारात माल आणणारे शेतकरी. भांडण पेटविणाऱ्यांपैकी कितीजण रोज एस.टी.ने प्रवास करतात, हे आम्हांस ठाऊक नाही. भांडण भोगणारे मात्र सगळे एस.टी.चे प्रवासी होते आणि त्यांच्यात मराठी होते तसे कन्नडही होते.

आमची भूमिका प्रथमच स्पष्ट करतो, म्हणजे पुढचे वाचताना कोणाचा गैरसमज होणार नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यातील बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवार हा मराठी भाषिक प्रदेश लोकांना न विचारता तेव्हाच्या म्हैसूर राज्यात घालण्यात आला. तो अन्याय होता आणि आजही आहे. १७ जानेवारी १९५६ चे हुतात्मे आणि १९८६ साली कन्नडसक्तीविरुद्धच्या आंदोलनात बळी पडलेले नऊ जण यांच्या स्मृतीपुढे आम्ही दरवर्षी नतमस्तक होतो. तेव्हा संवाद करा याचा अर्थ हक्क सोडा असा कोणी घेऊ नये. सत्तर वर्षे होत आली तरी सीमाभागाने आपले म्हणणे सोडलेले नाही, ते आता सोडण्याचे काही कारण नाही.

पण ही सत्तर वर्षे नीट उलगडून पाहिली तर एक गोष्ट ध्यानात येते. सेनापती बापटांच्या उपोषणानंतर केंद्राने १९६६ साली महाजन आयोग नेमला. १९६७ साली त्याचा अहवाल आला. त्याने निपाणी, खानापूर, नंदगडसह २६४ गावे महाराष्ट्राला आणि अक्कलकोट, जत, दक्षिण सोलापूर या भागांतील २४७ गावे म्हैसूरला सुचविली, आणि बेळगाव शहर मात्र म्हैसूरकडेच ठेवले. महाराष्ट्राने अहवाल फेटाळला, कर्नाटकाने तो शेवटचा शब्द मानला. तेथेच गाडे रुतले. पुढे २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. त्याचा अंतिम निकाल अद्याप लागलेला नाही. म्हणजे सीमा कोठे असावी हा प्रश्न आज दिल्लीत, न्यायमूर्तींपुढे आहे. तो बसमध्ये सुटणार नाही. गावच्या वेशीवरच्या फलकावर किंवा कोणाच्या तोंडाला काळे फासूनही सुटणार नाही.

सीमाभागात प्रत्यक्षात दोन प्रश्न आहेत आणि ते एकमेकांत गुंतल्यामुळे दोन्ही सुटत नाहीत. पहिला प्रश्न सीमेचा. दुसरा प्रश्न रोजच्या जगण्याचा: शेताचा उतारा कोणत्या भाषेत मिळावा, पंचायतीची नोटीस वाचता यावी की नाही, मराठी शाळेला मराठी शिक्षक मिळावा की नाही, तलाठ्याशी, वाहकाशी, पोलिसाशी बोलायचे कसे. पहिल्या प्रश्नाचा निकाल उद्या लागो की दहा वर्षांनी, दुसरा प्रश्न आज सकाळीच उंबऱ्यावर उभा आहे. आणि निकाल आमच्या बाजूने लागला तरी तो संपणार नाही, कारण तेव्हा त्याच गावांतले कन्नड भाषिक अल्पसंख्य होतील आणि हेच प्रश्न विचारतील. सीमा सरकेल, शेजारी सरकणार नाही.

लोकशाहीत असे तंटे मिटतच नाहीत, असे म्हणणाऱ्यांना आम्ही दोन उदाहरणे आठवून देतो. पहिले आंध्र आणि मद्रास यांचे. तेथेही भाषेवरून सीमेचा वाद होता आणि भावना आपल्याइतक्याच तीव्र होत्या. दोन्ही राज्यांनी आधी तत्त्वे मान्य केली: खेडे हा घटक, भाषिक बहुसंख्या आणि भौगोलिक सलगता. मग हरि विनायक पाटसकर या मराठी माणसाने मध्यस्थी केली, संसदेने १९५९ साली कायदा केला आणि १ एप्रिल १९६० पासून नवी सीमा अंमलात आली. तिरुत्तणी मद्रासला गेले, तिरुपती आंध्रातच राहिले. कोणालाच सगळे मिळाले नाही, पण वाद मिटला. आपण ज्या पाटसकर सूत्राचा आग्रह धरतो त्यातला खेड्याचा घटक आपल्याला पाठ आहे. आधी तत्त्व ठरवायचे आणि मग त्याचा निकाल, तो आपल्याला गैरसोयीचा असला तरी, मानायचा, हा त्याचा दुसरा अर्धा भाग दोन्ही बाजू विसरल्या आहेत.

दुसरे उदाहरण गोव्याचे. ते मराठी मनाला थोडे बोचणारे आहे, म्हणूनच सांगितले पाहिजे. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की नाही, यावर १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल घेण्यात आला. मतदान निःपक्षपाती व्हावे म्हणून विलीनीकरणवादी मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या मंत्रिमंडळाने आधी राजीनामा दिला. विलीनीकरणाच्या विरोधात १,७२,१९१ आणि बाजूने १,३८,१७० मते पडली. विलीनीकरणवादी ३४,०२१ मतांनी हरले. त्यांनी कौल मानला. आणि त्याच वर्षी झालेल्या निवडणुकीत गोव्याच्या जनतेने बांदोडकरांच्याच पक्षाला पुन्हा सत्ता दिली. ज्यांनी कौलात त्यांच्या विरुद्ध मत दिले, त्यांतल्याही अनेकांनी त्यांना आपले मानल्याशिवाय हे झाले नसते. पुढे राजभाषेच्या प्रश्नावर १९८६ साली गोव्यात हिंसाचार झाला, हेही खरे. एकदा मिळालेला सलोखा जपावा लागतो, तो आपोआप टिकत नाही.

आता आपण स्वतःला एक प्रश्न विचारू या. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आपल्या मनासारखा लागला नाही, तर आपण काय करणार? हाच प्रश्न कन्नड बांधवांनीही स्वतःला विचारावा. दोन्हींकडे सभा होतात, घोषणा होतात, पण हा प्रश्न कोणी व्यासपीठावरून विचारीत नाही. निकालाच्या दिवशी गावात पोलिसांच्या किती गाड्या येतील यावर आपली शांतता अवलंबून असेल, तर ती शांतता नव्हे. निकालाच्या दिवसाची तयारी निकालाच्या आधीच व्हायला हवी.

डिसेंबर २०२२ मध्ये काय झाले ते सर्वांना आठवत असेल. हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगडफेक झाली, महाराष्ट्रातील नेत्यांना बेळगावात प्रवेशबंदी झाली. १४ डिसेंबरला केंद्रीय गृहमंत्र्यांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना दिल्लीत बोलावले. निकाल लागेपर्यंत एकमेकांच्या प्रदेशावर दावा सांगायचा नाही आणि दोन्ही राज्यांच्या प्रत्येकी तीन मंत्र्यांची समिती नेमायची, असे ठरले. नेत्यांच्या नावाने खोटे संदेश पसरवून वातावरण तापविले गेले, हेही त्याच बैठकीनंतर सांगण्यात आले. पुढे दोन आठवड्यांच्या आत दोन्ही विधिमंडळांनी एकमेकांविरुद्ध ठराव केले. महाराष्ट्राच्या ठरावात ८६५ गावांचा उल्लेख आहे. ठरावाचा हक्क विधिमंडळाला आहेच. पण दिल्लीत झालेला समझोता टोलनाक्यापर्यंत पोचविण्याची वाट कोणी बांधलीच नव्हती, आणि ती बांधण्याचे काम मंत्री करणार नाहीत. ते गावालाच करावे लागेल.

कसे, ते सांगतो. आपल्या गावांत जत्रेच्या आधी पंचमंडळी बसतात. पालखी कोणत्या गल्लीतून जाणार, मान कोणाचा, वर्गणी किती, हे ठरते. त्या बैठकीत मराठी-कन्नड असा भेद कोणी करीत नाही. तशीच बैठक १ नोव्हेंबरच्या आधी का होऊ नये? त्या दिवशी आपण काळा दिन पाळतो, मूक सायकल फेरी काढतो. कन्नड बांधव राज्योत्सव साजरा करतात. दोन्ही गोष्टी एकाच रस्त्यावर, एकाच दिवशी होतात. फेरीची वेळ कोणती, मिरवणुकीचा मार्ग कोणता, ध्वनिक्षेपक कोठे बंद ठेवायचा, हे दोन्हींकडच्या चार-चार जाणत्या माणसांनी आधीच ठरवले, तर पोलिसांचे निम्मे काम संपेल. एखादी अफवा उठली तर याच आठ जणांनी एकमेकांना फोन करून खरेखोटे पाहावे आणि मगच गावाला सांगावे. याला कोणत्याही सरकारची परवानगी लागत नाही.

भाषेच्या हक्काची लढाई कागदावर लढावी, हे आमचे दुसरे सांगणे. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करण्याची जबाबदारी घटनेच्या ३५० अ कलमाने राज्यावर टाकली आहे. ३५० ब कलमान्वये भाषिक अल्पसंख्याकांसाठी स्वतंत्र अधिकारी नेमलेला असतो. जेथे अल्पसंख्य भाषिक १५ टक्के किंवा अधिक आहेत तेथे महत्त्वाचे नियम व सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे केंद्राने मान्य केलेले धोरण आहे. वाहक मराठी बोलला नाही तर त्याची कॉलर धरून हाती काही लागत नाही. उलट एका तरुणावर गुन्हा दाखल होतो, पासपोर्ट अडतो, नोकरी हुकते आणि तो पाच-सात वर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवतो. आंदोलनाच्या खटल्यांत अडकलेली अशी मुले गावोगाव आहेत. भाषणे करणारे पुढच्या सभेला निघून जातात, तारखेला मात्र त्या मुलाचा बापच सोबत असतो. त्याऐवजी प्रत्येक कन्नड नोटिशीला मराठी प्रत मागणारा एक लेखी अर्ज गावातून गेला, पोच घेऊन जपून ठेवला, तर तो कोणत्याही न्यायालयात बोलका पुरावा ठरेल.

तिसरे सांगणे महाराष्ट्राला. जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर येथे कन्नड बोलणारी गावे आहेत, कन्नड शाळा आहेत. जतच्या गावांची पाण्याची तक्रार जुनी आहे. जे आपण बेळगावात मागतो ते त्यांना तेथे विनातक्रार मिळाले पाहिजे. आपला दावा त्याने अधिक बळकट होईल.

या सगळ्यावर एक आक्षेप येईल आणि तो खोटा नाही. संवाद बरोबरीच्या लोकांत होतो. एकाच्या हाती सत्ता आणि लाठी, दुसऱ्याच्या हाती अर्ज, तेथे संवाद कसला? २०१४ साली येळ्ळूरमध्ये फलक हटविल्यानंतर ग्रामस्थांवर घरात शिरून लाठ्या चालविल्या गेल्या, ते आम्ही विसरलेलो नाही. म्हणून पहिले पाऊल बलवानाने टाकले पाहिजे, असे आम्ही कर्नाटक सरकारला स्पष्ट सांगतो. मराठी कागदपत्रे द्या, मराठी शाळांतील रिक्त जागा भरा, शांततेने निघणाऱ्या फेरीला परवानगी नाकारू नका. अल्पसंख्याकाला मान दिल्याने कन्नड भाषा लहान होणार नाही. मातृभाषा मराठी असलेल्या द. रा. बेंद्रे यांनी कन्नड कवितेला ज्ञानपीठ मिळवून दिले, आणि ज्या सुळेभावीच्या रस्त्यावर गेल्या वर्षी भांडण झाले, त्याच सुळेभावीत १९२४ साली जन्मलेल्या कन्नड घरातील शिवपुत्र कोमकळी यांना सारा महाराष्ट्र कुमार गंधर्व म्हणून डोक्यावर घेतो. भाषा एकमेकींच्या शेजाराने वाढतात, हे या जिल्ह्याने देशाला दाखविले आहे.

शेवटी स्वतःकडे. या तंट्यात वृत्तपत्रांचे हात स्वच्छ आहेत, असे आम्ही म्हणणार नाही. दोन पोरांची हाणामारी भाषिक संघर्ष म्हणून छापणे सोपे असते आणि अंक खपतो. आमच्याकडूनही असे घडले आहे. यापुढे अशी बातमी छापण्यापूर्वी दोन्ही बाजूंना विचारू आणि चूक झाली तर तितक्याच ठळकपणे दुरुस्त करू. वाचकांनीही आम्हांस त्यावर पारखावे. खटल्याची पुढची तारीख न्यायालय देईल. गावातल्या बैठकीची तारीख मात्र आपणच ठरवायची आहे, आणि ती येत्या १ नोव्हेंबरच्या आधीची असावी.