संसदेने सोडलेला समुद्र

मालवणच्या किनाऱ्यावर काळोख्या रात्री उभे राहावे, तर समुद्रात शहर वसल्याचा भास व्हावा असा मासेमारी बोटींवरील एलईडी दिव्यांचा झगमगाट दिसतो. आणि त्या उजेडाला भुलून गोळा झालेली मासळी, अंडी न घातलेल्या पोरवयाच्या माशांसह पर्ससीनच्या जाळ्यात उपसली जात असताना, सकाळी किनाऱ्यावरून जाळे ओढणारा पारंपरिक मच्छीमार, रापणकर, ओढतो ती रिकामी रापण! बारा सागरी मैलांच्या आत राज्याचा कायदा आहे. त्यापलीकडे अधिकार संसदेचा, आणि तेथे आपल्याच बोटींच्या मासेमारीला शिस्त लावणारा स्वतंत्र कायदा संसदेने केलेला नाही. 2017 मध्ये एलईडीबंदी झाली, ती केंद्राच्या आदेशाने. 2021 च्या पावसाळी अधिवेशनाच्या यादीत सागरी मत्स्यव्यवसायाचे विधेयक झळकले आणि यादीतच विरले. 2025 मध्ये बारा मैलांपलीकडच्या मासेमारीचे नियम आले, तेही अधिसूचनेने. नियम करणारे सरकार, ते राबवणारे सरकार, आणि ते का राबवले गेले नाहीत याचा निवाडा करणारेही सरकारच. मग संसद कशाला?

हा प्रश्न ज्या मातीत विचारावा लागतो, ती माती नाथ पैंची आहे. वेंगुर्ल्यात जन्मलेले बॅरिस्टर पै 1957 पासून 1970 च्या अखेरीपर्यंत राजापूरचे खासदार होते. 1967 मध्ये गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मूलभूत हक्क संकुचित करण्याचा अधिकार संसदेला नाही असे बजावले, तेव्हा विरोधी बाकावरच्या या एकट्या माणसाने घटनादुरुस्तीचा अधिकार संसदेकडे राखण्यासाठी खासगी विधेयक मांडले. पुढे 1973 च्या केशवानंद भारती निकालाने त्या अधिकाराला घटनेच्या मूलभूत चौकटीची वेस घातली. ती घातली हे उत्तमच झाले, असे आम्ही निःशंकपणे म्हणतो. पण न्यायालयाशी वाद घालणारी ती संसद जिवंत होती. 1970 नंतर एकाही खासगी विधेयकाचा कायदा झालेला नाही!

ज्या लोकसभेला मंत्रिमंडळ सामूहिकरीत्या जबाबदार असावे अशी घटनेची आज्ञा, त्या सतराव्या लोकसभेने पाच वर्षे उपाध्यक्षाविना काढावीत, 2023 मध्ये सुमारे 45 लाख कोटींच्या अर्थसंकल्पातील अनुदानाच्या मागण्या चर्चेवाचून संमत कराव्यात, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात दोन्ही सभागृहांतील 146 खासदार निलंबित असताना साऱ्या देशाचे फौजदारी कायदे बदलून टाकावेत, याला कारभार म्हणत नाहीत. ही शरणागती आहे.

आणि आम्ही? नाथ पैंच्या तसबिरीला हार घालतो, आणि त्यांच्या जागी बसलेल्याकडे पाखाडी, सभामंडप आणि रस्त्याचे डांबर मागतो. सभागृहात तो किती वेळा उभा राहिला, कोणत्या मंत्र्याला त्याने उत्तर द्यायला लावले, कोणत्या विधेयकाला दुरुस्ती सुचवली, हे विचारण्याची आम्हांला लाज वाटते की आळस? उद्या खासदार मालवणच्या जेटीवर उतरतील तेव्हा सत्काराची शाल घरीच ठेवावी आणि रापणकरांनी वाट अडवून एवढेच विचारावे: 2021 चे ते विधेयक कुठे आहे?