बाबांच्या हातातला पाना काढून घेऊ नका

दिवाळीच्या सुटीत पुण्याहून मुलगा लोहाऱ्याच्या घरी येतो. अंगणात ताडपत्रीखाली जुनी चेतक उभी असते. वडील सकाळीच पाने-पक्कड घेऊन तिच्याजवळ बसलेले असतात. ‘‘चालू होत नाही रे, प्लग पाहा लागते,’’ ते म्हणतात. मुलगा मोबाइलमधून डोके वर काढतो. ‘‘बाबा, तुम्ही बसा. मेकॅनिकला बोलावतो मी. आणि किती दिवस ठेवायची ही गाडी? विकून टाकू.’’

यवतमाळला लागून असलेल्या लोहाऱ्यातच नव्हे, तर महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत हा संवाद दर सुटीला होतो. मुलाच्या मनात काळजीच असते. वडिलांचे वय झाले, गुडघे दुखतात, रक्तदाबाची गोळी सुरू आहे, मग या वयात त्यांनी कशाला वाकायचे? ‘आता आराम करा’ हा सल्ला डॉक्टरही सहज देतात. पण या आरामात म्हाताऱ्या माणसाच्या हातून नेमके काय काढून घेतले जाते, याचा विचार फारसा होत नाही.

लेकराने आणि वडिलांनी मिळून केलेली दुरुस्ती, मग ती गाडीची असो, नळाची असो की छपराची, हा वेळेचा अपव्यय नाही. ती दोघांच्याही प्रकृतीसाठी उपयोगाची गोष्ट आहे. म्हणून काम बंद करण्याऐवजी त्यातला धोका बंद करावा आणि काम दोघांनी मिळून करावे.

समोरासमोर नव्हे, शेजारी-शेजारी

आपल्याकडचे बहुतेक वडील ‘कसा आहेस?’ असे विचारून मन मोकळे करणाऱ्यांतले नाहीत. मुलगा फोन करतो तेव्हा दोन वाक्ये होतात आणि ‘घे, आईशी बोल’ म्हणून फोन पुढे जातो. तोच माणूस उघड्या इंजिनशेजारी बसला की बोलू लागतो. डोळे कार्बोरेटरवर असतात, हात कामात असतात आणि बोलता बोलता कापसाचा भाव, सोसायटीचे कर्ज, रात्री न लागणारी झोप, छातीत मधूनच येणारी कळ, असे सगळे बाहेर येते. नजरेला नजर न देता बोलता येणे, ही अनेक पुरुषांची गरज असते.

ऑस्ट्रेलियात १९९०च्या दशकात याच जाणिवेतून ‘मेन्स शेड’ सुरू झाले. निवृत्त पुरुषांनी एका शेडमध्ये जमायचे, लाकूडकाम करायचे, सायकली-यंत्रे दुरुस्त करायची आणि त्या निमित्ताने एकमेकांशी बोलायचे, एवढीच ती कल्पना. २००७ मध्ये तिथे या शेडची राष्ट्रीय संघटना झाली, पुढे आयर्लंड आणि ब्रिटनमध्येही ती पसरली. एकटेपणा हा आरोग्याचा प्रश्न आहे, हे आता जागतिक आरोग्य संघटनाही मानते. २०२३ मध्ये तिने सामाजिक नात्यांवर स्वतंत्र आयोग नेमला. आपल्याकडे अशी शेड उभारायला निधी लागत नाही. अंगण आहे, गाडी आहे, बाबा आहेत. फक्त शेजारी बसणारे कोणी हवे.

वडिलांचे प्रेम अनेकदा शब्दांऐवजी वस्तूंतून कळते. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांचे उदाहरण अनेकांना आठवत असेल. मुलाची गाडीची हौस पुरवण्यासाठी त्यांनी भंगारातले सुटे भाग जमवून दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी छोटी जीप तयार केली. खर्च साधारण ६० हजार रुपये. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्र यांनी तिची जाहीर दखल घेतली आणि जानेवारी २०२२ मध्ये त्या जीपच्या बदल्यात लोहार कुटुंबाला नवी बोलेरो मिळाली. बातमी बोलेरोची झाली. पण वडील आपल्यासाठी लोखंड जोडत आहेत, हे पाहत घरात वावरणाऱ्या मुलाला जे मिळाले असेल, त्याची किंमत कोणत्याही शोरूममध्ये लावता येणार नाही.

हात विसरत नाहीत

भारतात ६० वर्षांवरील सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे जवळपास ८८ लाख जणांना स्मृतिभ्रंश असावा, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रीय पातळीवरील अभ्यासात मांडला गेला. अशा रुग्णांच्या घरी एक गोष्ट हमखास सांगितली जाते. ‘सकाळी काय खाल्ले ते आठवत नाही, पण नट मात्र बरोबर कसतात.’ घरच्यांना वाटते, म्हणजे बाबा सोंग करतात. तसे नसते.

१९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलेसन नावाच्या तरुणावर फिट्सच्या आजारासाठी मेंदूची शस्त्रक्रिया झाली. त्यात हिप्पोकॅम्पस या भागाचा मोठा हिस्सा दोन्ही बाजूंनी काढला गेला. फिट्स कमी झाल्या, पण नवीन घटना लक्षात राहणे थांबले. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्यांना आरशात पाहून चांदणीची आकृती गिरवायला दिली. सरावाने त्यांचा हात सफाईदार होत गेला. मात्र हे काम आपण आधी केले आहे, हे त्यांना दर वेळी आठवतच नसे. घटनांची आठवण आणि हाताची आठवण मेंदू वेगवेगळ्या ठिकाणी सांभाळतो, हे त्यातून स्पष्ट झाले. अल्झायमरमध्ये पहिली आठवण लवकर जाते, दुसरी बरेच दिवस टिकते.

म्हणून ज्यांनी चाळीस वर्षे पाना धरला, त्यांना तो धरू द्यावा. दुरुस्ती केल्याने स्मृतिभ्रंश टळतो किंवा बरा होतो, असा दावा कोणी करू नये. पण दिवसभर ‘हे विसरलात, ते विसरलात’ ऐकणाऱ्या माणसाला तासभर तरी आपल्याला काही येते, असे वाटते. रुग्णाच्या दृष्टीने हा तास मोलाचा असतो.

शेजारी बसलेल्याला काय दिसते?

दुरुस्ती करताना वडिलांची जी तपासणी आपोआप होते, ती दवाखान्यातल्या पाच मिनिटांत होत नाही. शेजारी बसणाऱ्याने थोडे लक्ष ठेवावे.

पेचकस स्क्रूच्या खाचेत बसवताना हात जास्त थरथरतो का? की हात मांडीवर नुसता ठेवला असताना थरथरतो आणि काम सुरू केले की थांबतो? दुसरा प्रकार पार्किन्सनकडे बोट दाखवू शकतो. पेट्रोल गळत असताना वास येत नसेल, तर तेही डॉक्टरांना सांगावे. वास कमी येणे हे पार्किन्सनचे फार आधी दिसणारे लक्षण असू शकते. खाच दिसत नसेल, उन्हात डोळे दिपत असतील, तर मोतीबिंदू तपासावा. मधुमेह असेल आणि बोटांना नट लागत नसेल, तर नसांची तपासणी करावी.

किक मारताना किंवा हवा भरताना छाती आवळून येत असेल आणि बसल्यावर बरे वाटत असेल, तर तो ‘गॅस’ समजू नये. हृदयाची तपासणी त्याच आठवड्यात करावी. विश्रांती घेऊनही कळ थांबली नाही, घाम फुटला, तर त्याच क्षणी १०८ ला फोन करावा.

पूर्वी एका झटक्यात सुटणारा बोल्ट आता सुटत नसेल, तर त्याकडेही दुर्लक्ष करू नये. भारतासह १७ देशांतील सुमारे १ लाख ४० हजार लोकांच्या ‘प्युअर’ अभ्यासात (२०१५) हाताच्या पकडीतली प्रत्येक ५ किलोची घट मृत्यूच्या १६ टक्के जास्त जोखमीशी निगडित आढळली. पकड ही सगळ्या शरीराच्या ताकदीची खूण आहे. आहार, प्रथिने, साखर, थायरॉइड, सगळे पाहून घेण्याची ती वेळ असते.

आणि सर्वांत महत्त्वाचे. ज्या माणसाला अवजारांना कोणी हात लावलेला खपत नसे, तो आता डब्याकडे पाहतही नाही, असे होते का? ‘कशाला आता’ असे म्हणून उठतो का? मनापासून आवडणाऱ्या कामातला रस जाणे हे नैराश्याचे ठळक लक्षण आहे. जपलेल्या वस्तू अचानक वाटून टाकणे, निरवानिरवीची भाषा करणे ही तर धोक्याची सूचना आहे. ज्या यवतमाळ जिल्ह्याने शेतकऱ्यांच्या इतक्या आत्महत्या पाहिल्या, तिथे ‘बाबा हल्ली गप्प असतात’ हे वाक्य हलके घेऊन चालणार नाही. अशा वेळी सरळ विचारावे, ‘जीव नकोसा वाटते का?’ विचारल्याने तो विचार मनात येत नाही, उलट बोलायला वाट मिळते. त्या माणसाला एकटे सोडू नये, घरातली कीटकनाशके कुलपात किंवा दुसरीकडे ठेवावीत. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत आहे. शासकीय रुग्णालयातही मानसोपचार मिळतो.

धोका काढा, काम नव्हे

आता मुलाच्या काळजीचा भाग. ती खोटी नाही. फेब्रुवारी २००० पर्यंत शिसेयुक्त पेट्रोल विकणाऱ्या या देशात गॅरेजच्या आरोग्याचा विचार कमीच झाला. म्हणून काही नियम घरातच घालावेत.

टाकीतले पेट्रोल नळीने तोंडाने ओढू नये. ते फुप्फुसात गेले तर गंभीर न्यूमोनिया होतो. चुकून गिळले गेले तर उलटी करवू नये, थेट रुग्णालयात न्यावे. जुन्या ब्रेक लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतो, म्हणून ड्रममधली धूळ फुंकरीने किंवा कॉम्प्रेसरने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. घराच्या सिमेंटच्या पत्र्यांचेही तेच. ते कोरडे कापू किंवा भोकू नयेत. त्या तंतूंचा आजार कित्येक वर्षांनी, कधी दोन-तीन दशकांनी दिसतो. बंद खोलीत इंजिन सुरू ठेवू नये, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. चारचाकीखाली नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणीही शिरू नये. विजेचे काम मेन स्विच बंद करून, टेस्टरने खात्री करूनच करावे. घरात ३० मिलिअॅम्पिअरचा आरसीसीबी बसवून घ्यावा. गंजलेला पत्रा लागला तर जखम साबण-पाण्याने धुऊन धनुर्वाताच्या लसीबाबत विचारावे.

शेतकरी घरांसाठी आणखी एक. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले. फवारणीचा पंप गळका असेल तर तो धुऊन, हातमोजे घालूनच उघडावा, आणि तुंबलेला नोझल तोंडाने कधीही फुंकू नये. यंत्राचे वेड जपताना डोके जपणेही आलेच. ऑगस्ट २०२१ मध्ये याच जिल्ह्यातल्या फुलसावंगीचा एक गुणी तरुण स्वतः बनवलेल्या हेलिकॉप्टरच्या चाचणीत पात्याचा घाव बसून गेला.

वाटणी सोपी आहे. मृगाआधी कवेलू फेरायचे असतील तर शिडीवर लेकाने किंवा लेकीने चढावे, बाबांनी खालून सांगावे. रक्त पातळ करण्याची गोळी घेणाऱ्या माणसाने तर शिडीचा हट्ट धरूच नये. डोक्याला लागलेला साधा वाटणारा मारही त्यांना महागात पडतो. जमिनीवर उकिडवे बसण्याऐवजी गाडी उंचावर घ्यावी आणि बाबांना स्टूल द्यावे.

वडिलांसाठीही एक विनंती. ‘बॅटरी नीट धर, एवढंही जमत नाही?’ हे वाक्य लहानपणी ज्याने ऐकले, तो मोठेपणी मेकॅनिकलाच फोन करतो. चुकीचा पाना दिला तर दिला. पोराला आणि पोरीलाही एखादा नट चुकीचा कसू द्यावा. आणि जिथे वडिलांच्या मारझोडीच्या आठवणीच जास्त आहेत, तिथे जवळ बसण्याची सक्ती कोणावर करू नये. ते नाते एका स्कूटरने जुळत नसते.

कोणी म्हणेल, आता गाड्या बंद डब्यासारख्या झाल्या, त्यात घरी करण्यासारखे काही उरले नाही. ते बरेचसे खरे आहे. जुनी गाडी रस्त्यावर धुरासकट पळवा, असा आग्रहही नाही. पण पंखा आहे, सायकल आहे, गळका नळ आहे, खाटेचा ढिला पाय आहे. काम छोटे असले तरी चालते, दोघांचे असले म्हणजे झाले.

तेव्हा येत्या सुटीत अंगणातली ताडपत्री काढावी, दोन स्टुले टाकावीत आणि विचारावे, ‘‘बाबा, कोणता पाना देऊ?’’ त्यांचा रक्तदाब, झोप आणि कर्ज यांचे प्रश्न नंतर, प्लग साफ होताना, हळूच निघतील. गाडी सुरू झाली नाही तर पुढच्या सुटीत पुन्हा बसता येईल.